हार घातला, बाण नाही पाहिला

दसऱ्याच्या सकाळी आमच्या वर्ध्याच्या घरी एक ठरलेला सीन असतो. अंगणात पाइप लावून बाबांची मोटरसायकल धुवायची, जुन्या बनियनने चकाचक पुसायची, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. बाबा उदबत्ती ओवाळतात, आई नमस्कार करते आणि मी फोटो काढून ग्रुपवर टाकते. दोन वर्षांपूर्वीही हे सगळं अगदी साग्रसंगीत झालं. फोटोला ढीगभर बदाम आले.

त्यानंतर बाराव्या दिवशी बाबा त्याच गाडीवरून पडले.

शाळा सुटल्यावर देवळीहून घरी येत होते. रोजचाच रस्ता. वळणावर कापसाची बंडी आडवी आली. बाबांनी मागचा ब्रेक दाबला, पेडल पार खाली गेलं, पण गाडी थांबायचं नाव घेईना. मग घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि चाक सटकलं. नशीब, वेग कमी होता आणि डोक्यावर हेल्मेट होतं. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी तेव्हा पुण्यात एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवत बसले होते. रात्रीची ट्रेन पकडली आणि दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले.

संध्याकाळी गल्लीतला मिस्त्री गाडी बघायला आला. मला वाटलं, आता हा अर्धी गाडी खोलणार. त्याने काहीच खोललं नाही. मागच्या चाकाशी उकिडवा बसला, हाताने पेडल दाबलं आणि म्हणाला, "ताई, हा बाण पाह्यला का कधी?"

कुठला बाण?

ज्यांच्या गाडीला ड्रम ब्रेक आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर नक्की बघा. मागच्या चाकाच्या मधोमध जो वाटीसारखा ड्रम असतो, त्याच्या झाकणावर एक छोटी खूण असते. ब्रेकची लिव्हर जिथे फिरते, तिथे एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हा बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला, की आतले ब्रेक शू संपले, बदला. इतकं सोपं. पाना नको, पेचकस नको, दहा सेकंदांचं काम. आमचा बाण खुणेच्या पुढे गेला होता.

बाबांनी दुर्लक्ष केलं होतं असंही नाही. ब्रेक ढिला वाटला की ते मागच्या रॉडवरचा नट एक-दोन फेरे आवळायचे. "नट आवळला का ब्रेक लागते" हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. गोची तिथेच होती. नट आवळला की पेडल पुन्हा कडक लागतं, पण आतला शू झिजलेला तो झिजलेलाच. आपल्याला वाटतं ब्रेक सुधारला, प्रत्यक्षात आपण फक्त तक्रार दाबून टाकलेली असते. त्यात आमच्या जिल्ह्यातली काळी माती. पावसाळ्यात हा चिखल चाकाला, मडगार्डला, चेनला असा चिकटतो की खरवडून काढावा लागतो. तोच ड्रममध्ये शिरला की शू आणखी भराभर झिजतात.

आणि मी? जुलैत सर्व्हिसिंगचे पैसे मीच ऑनलाइन पाठवले होते. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता. सप्टेंबरमध्ये बाबा फोनवर म्हणालेही होते, "ब्रेक जरा ढिला वाटते बेटा." मी म्हणाले, "दाखवा ना मग गॅरेजमध्ये." आणि दुसऱ्या कॉलवर गेले. आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जण घरच्या गाडीची काळजी अशी 'पेमेंट सक्सेसफुल' करून घेतात?

मिस्त्रीने शू बदलले, बिल किरकोळ झालं. पण मला चैन पडेना. पुढच्या रविवारी अंगणात गोणपाट टाकलं, वर दिवाणातली पान्यांची पिशवी ओतली. बाबा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसले. गाडी चालवायला त्यांनी मला बारावीतच शिकवली होती, पाना मात्र कधी हातात दिला नव्हता. "कपडे खराब होतील." त्या दिवशी त्यांच्याकडेही दुसरा इलाज नव्हता!

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. चेन सैल वाटली म्हणून आवळली, अगदी सतारीच्या तारेसारखी ताणून. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली तर घूंऽऽ असा आवाज. बाबा खुर्चीवरूनच ओरडले, "चेन रडून रायली!" मिस्त्रीला विचारलं तेव्हा कळलं, की चेनला थोडं सैल राहावंच लागतं, कारण खड्ड्यात चाक वर-खाली झालं की चेनवरचा ताण बदलतो. फार आवळली तर चेनसेट आणि बेअरिंग दोन्हींचं आयुष्य कमी. साध्या कम्युटर गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चेनला पूर्ण कव्हर असेल, तर त्यावरची रबरी टोपी काढा, आत बोट घालून खेळ कळतो. चाक हाताने फिरवत दोन-तीन ठिकाणी बघायचा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ लागते, तिथला आकडा धरायचा. ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. गाडी गिअरमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून चेन पुसू नका. फडकं अडकलं की पाठोपाठ बोटं जातात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर, चाक हाताने. रॉकेलात बुडवलेल्या ब्रशने मळ काढायचा, कोरडं पुसायचं, मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे. आणि हे तेल ब्रेकच्या किंवा टायरच्या आसपासही जाऊ द्यायचं नाही.

तर त्या रविवारपासून माझा एक कार्यक्रम ठरला आहे. वर्ध्यात असेन तेव्हा बाबांच्या गाडीवर, पुण्यात असेन तेव्हा माझ्या. वीस मिनिटं, एक कप चहा. आधी टायरची हवा, तीही सकाळी टायर थंड असताना. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. भर दुपारी दहा किलोमीटर चालवून हवा मोजली तर आकडा वाढलेलाच दिसणार. मग बाण आणि पेडलचा खेळ. नट फिरवला असेल तर चाक उचलून मोकळं फिरतंय ना, हे बघायचं. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, तेही. मग चेन. मग ऑइल, गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करून. काही गाड्यांत ऑइलची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची असते, काहींत फिरवून, म्हणून मॅन्युअल एकदा वाचाच. शेवटी क्लच आणि ब्रेकच्या केबल. टोकाशी तार विसविशीत झाली असेल, तर ती तुटायची वाट बघू नका.

ऑइल घरी बदलायचं असेल तर डबीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का बघा. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं उरलेलं ऑइल 'चालतंय की' म्हणून ओतलं, तर क्लच घसरू शकतो. आणि जुनं काळं ऑइल नाल्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्या.

आता 'गाडी सुरूच होत नाही' हा राष्ट्रीय प्रश्न. गेल्या हिवाळ्यात बोरधरणाला गेले होते. परतताना गाडी ढिम्म. पंचवीस किका मारल्या, घाम फुटला, मनात इंजिन खोलण्यापर्यंत मजल गेली. शेवटी एका शाळकरी पोराने उजव्या हँडलवरचा लाल किल स्विच खाली केला. झालं! लाजेने मान खाली. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी किल स्विच. मग पेट्रोल, कॉक चालू आहे का, रिझर्व्हला आलीय का. मग प्लगची टोपी घट्ट बसलीय का. मग इंजिन थंड असताना प्लग, आजूबाजूची धूळ झटकून काढायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर बहुधा पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट काळा असेल तर इंजिनमधलं ऑइल वर येतंय, मग थेट मिस्त्री. परत बसवताना आधी हाताने आटे लावायचे, पाना शेवटी.

तुम्ही म्हणाल, आमची गाडी नवी आहे, इंजेक्शनवाली. बरोबर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. तिथे सेन्सरच्या वायरी उचकू नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं, तेही चांगलंच. पण चेन नव्या गाडीचीही सैल होते आणि सीबीएसच्या ड्रममधला शूसुद्धा झिजतोच. उलट गावाकडे महिना-महिना उभ्या राहणाऱ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला आता जरा जास्त जपा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर पेट्रोल कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये शिळं पेट्रोल राहत नाही.

याचा अर्थ सगळं घरी करायचं, असं नाही. शू बदलणं, इंजिनाचं काम, एबीएस, वायरिंग हे मी आजही मिस्त्रीकडेच देते. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची नसते, हेही त्यानेच शिकवलं. फरक इतकाच, की आता मी जाऊन 'गाडी बघा जरा' असं म्हणत नाही. 'मागचा बाण खुणेला टेकलाय' असं म्हणते. तोही मग नीट बोलतो, आणि बिलातली प्रत्येक ओळ मला कळते.

वर्ध्यात वाढलेल्या कुणालाही शाळेच्या सहलीत सेवाग्राम आश्रम चुकत नाही. तिथे चरख्यापुढे जांभया दिलेल्या मला बऱ्याच उशिरा एक गोष्ट वाचायला मिळाली. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी काय? साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर निदान २० वर्षं चालावा, वर्षाला सुटे भाग बदलण्याचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे यंत्र किती काम करतं याइतकंच ते सांभाळायला किती पडतं, हेही आधीच मोजलेलं. आपण गाडी घेताना मायलेज विचारतो, ईएमआय विचारतो. लाखाच्या गाडीला पाच टक्के म्हणजे वर्षाला पाच हजार, हा हिशेब शोरूममध्ये कोण मांडतं?

आणि गांधीजींपर्यंत तरी कशाला जायचं? आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू जिथे घासतं, तो बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद आणि लोणी लावून चोळायचा. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" असं बैलाला सांगायचं. लहानपणी मामाच्या गावी हे बघताना मला ती नुसती पूजा वाटायची. आता वाटतं, ती तपासणीही होती. खांदा चोळणाऱ्या हाताला गाठ कळते, जखम कळते. सजावट दुसऱ्या दिवशी, आधी खांदा.

आम्ही गाडीच्या बाबतीत फक्त दुसरा दिवस उचलला होता.

गेल्या दसऱ्याला मी हार घेऊन पुढे झाले, तर बाबांनी हात धरला. मनगट आता बरं आहे, थंडीत तेवढं ठणकतं. म्हणाले, "थांब बेटा, आधी बाण पाहू." स्वतः मागच्या चाकाशी वाकले, पेडल दाबलं, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "घाल आता हार."

या रविवारी तुम्हीही जरा खाली वाका. भेटूच पुढच्या आठवड्यात.