खोकल्यातील रक्त आणि एक साधी चाचणी

प्रसूती, गर्भपात वा द्राक्षगर्भानंतर काही महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडू लागले, की खैरलांजीसारख्या गावी प्रथम क्षयाचीच शंका येते. परंतु वारेच्या पेशींपासून उद्भवलेला कर्करोग फुप्फुसांत पसरला, तरीही हेच लक्षण दिसते. १९५६ साली अमेरिकेत ली व हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने अशा पसरलेल्या गाठी मावळतात हे दाखविले. आज अशा बहुसंख्य रुग्णा बऱ्या होतात. अनेकींना पुढे मातृत्वही लाभते.

म्हणूनच बाळाला तपासताना आईच्या खोकल्याची व रक्तस्रावाचीही विचारपूस व्हावी, असे बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझे आग्रहाचे मत आहे. थुंकीबरोबर लघवीची गर्भचाचणीही करावी. ती होकारार्थी येऊन सोनोग्राफीत गर्भ न दिसल्यास रुग्णेला विनाविलंब नागपूरला पाठवावे. बरा होणारा रोग केवळ निदानाअभावी मातेचा बळी घेतो, हे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.