डोळ्यांतला सुरमा आणि डब्यातल्या नूडल्स

मागच्या पालकसभेत एक आई तावातावाने म्हणाली, "सर, डब्यात नूडल्स आणायला बंदी करा. त्यात अजिनोमोटो असतं." तिच्या कडेवरच्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत ठसठशीत सुरमा होता.

तज्ज्ञांची भीती नेमकी उलटी आहे. अजिनोमोटोतले ग्लुटामेट टोमॅटोत असते, आईच्या दुधातही असते. नेहमीच्या प्रमाणात ते सुरक्षित मानले जाते. उलट, बाजारातल्या अनेक सुरम्यांत लेड सल्फाइड, म्हणजे शिसे सापडले आहे. बाळ डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते. रक्तातल्या शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त.

मग आपण नूडल्सलाच का घाबरतो? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ साली यावर एक गाजलेला लेख लिहिला. तज्ज्ञ मुख्यतः बळींचा हिशेब करतात. सामान्य माणूस आणखीही काही पाहतो: धोका ओळखीचा आहे का, तो मी पत्करला की माझ्यावर लादला गेला? नूडल्स कंपनीच्या, सुरमा अम्मीच्या हातचा, ईदच्या सकाळचा.

म्हणून लोकांना अडाणी ठरवणे मला मान्य नाही. भोपाळच्या कारखान्याबद्दल पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून इशारा देत होते. तो कुणी मनावर घेतला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. "काळजी नको" या शब्दांवरचा विश्वास असाच उडतो. तो परत मिळवायचा तर तज्ज्ञांनी आधी लोकांचे ऐकून घ्यायला हवे.

पण जो प्रश्न आपण कंपनीला विचारतो, तो घरच्या सुरमेदानीलाही विचारायला हवा. सुरमा लावणे सुन्नत आहे, हे मला ठाऊक आहे. पण डबीत शिसे भरणे ही दुकानदाराची करणी. तिला दीनचा आधार देऊ नये.

सभेनंतर मी त्या आईला हे सांगितले. ती म्हणाली, "आम्हाला लहानपणी लावला, काय झालं?" शिशाचे नुकसान वरून दिसत नाही, रक्त तपासावे लागते, एवढेच मी म्हणालो. खरे तर माझ्या मुलीलाही अम्मी सुरमा लावायची. मला माहीत होते, तरी अम्मीचे मन मोडू नये म्हणून मी गप्प बसलो. ती चूक होती. निदान तुम्ही तरी गप्प बसू नका.