प्रार्थना करा, पण गोळी बंद करायला सांगू नका



अमरावती-अकोल्यातल्या आपल्या मंडळ्यांशी आज जरा स्पष्ट बोलायचं आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हे आपलं कामच आहे. पण कुठंकुठं "विश्वास ठेव, आता औषधाची गरज नाही" असंही सांगितलं जातं. टीबीचा कोर्स मधेच सोडला तर पुढं तीच औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात. इन्सुलिनवर जगणाऱ्यानं ते बंद केलं तर थोड्या दिवसांत जीव जाऊ शकतो. मग घरचे म्हणतात, "यांच्या नादी लागला अन् गेला." त्यांना काय उत्तर देणार?

कोणी विचारेल, मग विश्वास कुठं राहिला? उत्तर आपल्या वऱ्हाडातच आहे. १९३८ मध्ये वाशीमला, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, नाझरीन मिशनचा दवाखाना सुरू झाला. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी तिथं अनेक वर्षं काढली. त्या प्रार्थना करणाऱ्या होत्या, अन् ऑपरेशनही करत होत्या. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांवर उपचार झाले. ज्यांना गावानं बाहेर काढलं, त्यांच्या जखमांना तिथं हात लागले. ती साक्ष लोकांना पटली, कारण ती डोळ्यांना दिसत होती.

बरं झाल्याची साक्ष जरूर द्या, पण आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. येशूनंही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं. तपासणीला विश्वासानं घाबरायचं काय कारण?

आज धर्मांतराच्या नावानं आपल्याकडे संशयानं पाहिलं जातं. खोट्या आरोपाला कायद्यानं उत्तर देऊ. पण संविधानाचं कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तर साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा गुन्हाच आहे. आपणच चुकीचं वागलो तर कोणत्या तोंडानं हक्क मागणार?

म्हणून पाळकांना विनंती आहे. प्रत्येक प्रार्थनासभेत एक वाक्य सांगा: "डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका." आणि आमेन म्हटल्यावर त्या आजाऱ्यासोबत इर्विनला किंवा सर्वोपचारला जा. चिठ्ठी काढा, रांगेत उभे राहा, रात्री कोणी थांबायला नसेल तर थांबा. बाजूच्या खाटेवरचा माणूस ते पाहत असतो. त्याला वेगळा उपदेश करायची गरज पडत नाही.