कोंकणच्या प्रतिनिधीचा हिशेब

मालवण, देवगड, वेंगुर्लें, कुडाळ या बाजूच्या आमच्या वाचकांस निवडणुका कांहीं नव्या नाहींत. मतांचा हंगाम आला कीं वाडींत मोटारी येतात, देवळाच्या जीर्णोद्धारास देणग्या मिळतात, आणि कोणता उमेदवार कोणत्या जातीचा याचा हिशेब पारावर पै-पैसुद्धां मांडला जातो. पण निवडून गेलेल्या गृहस्थानें दिल्लींत बसून आपल्या घरापर्यंत काय पोंचविलें, हा हिशेब मांडणारे फार थोडे. तो कसा मांडावा याचा नमुना म्हणून आम्ही आज प्रो. मधु दंडवते यांची कारकीर्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

जातीचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. आमच्या वडीलधाऱ्यांनीं कौन्सिलांत आपल्या माणसांस जागा मिळाव्यात म्हणून झगडा केला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कौन्सिलांत मराठा व तत्सम जातींस सात जागा राखून मिळाल्या. दारच बंद होतें, तेव्हां तो झगडा रास्तच होता. परंतु आंत जाऊन बसलेल्यानें काय केलें, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. याच कोंकणांत कुळें खोतांच्या जाचाखालीं पिचत असतां डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबई असेंब्लींत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. तें त्या वेळीं पास झालें नाहीं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. पण प्रतिनिधि कशाला म्हणतात हें त्या बिलानें कुळांस दाखवून दिलें.

दंडवते हे या मातींतले नव्हत. जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. मुंबईस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनें १९४६ सालीं काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजांत ते पदार्थविज्ञान शिकवीत. बेचाळीसची चळवळ, १९५५ चा गोव्याचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, या सर्वांत ते होते. आमच्या भागाचे खासदार त्या काळीं वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै. १९५७ पासून तीन वेळां निवडून आलेला हा वक्ता १८ जानेवारी १९७१ रोजीं बेळगांवास वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं गेला, आणि दोनच महिन्यांत निवडणूक आली. नाथ पैंची राजापूरची जागा लोकांनीं दंडवत्यांस दिली. गांवकीच्या भाषेंत बोलायचें तर उपऱ्या माणसास दिली, आणि तीहि इंदिराबाईंच्या लाटेंत, विरोधी पक्षाच्या उमेदवारास! पुढें १९७७, १९८०, १९८४, १९८९ अशी एकंदर पांच वेळां त्यांस निवडून दिलें. १९८४ सालीं महाराष्ट्रांत विरोधी पक्षाचे जे मोजके उमेदवार टिकले त्यांत ते एक होते. कोंकणच्या मतदारानें जात न विचारतां मत दिलें असें आम्ही ज्या थोड्या प्रसंगांविषयीं म्हणूं शकतों, त्यांतला हा आहे. आणीबाणींत त्यांस बंगळूरच्या तुरुंगांत टाकलें, पत्नी प्रमिलाबाई येरवड्यास होत्या. तुरुंगवास पुष्कळांनीं भोगला, म्हणून त्याचा विस्तार आम्ही करीत नाहीं.

मार्च १९७७ मध्यें जनता पक्षाचें सरकार आलें आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्या काळीं आमचा गिरणींत राबणारा चाकरमानी मुंबईहून आगगाडीनें घरीं येऊं शकत नव्हता. त्याच्या नशिबीं पावसाळ्यांत बंद पडणारी बोट, नाहीं तर रात्रभर हाडें खिळखिळीं करणारी एस. टी. पण देशांतला बाकीचा गरीब आगगाडीनें जात असे, आणि दोन-दोन रात्री लांकडी फळीवर निजत असे. तिसरा वर्ग १९७४ सालीं कागदावरून नाहींसा झाला होता. डब्यावर दोनाचा आंकडा लागला, फळी तीच राहिली. पैसेवाल्याची पाठ गादीवर आणि मजुराची लांकडावर, हें कोणत्या शास्त्रांत लिहिलें होतें? दंडवत्यांनीं दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्याचें ठरविलें. पहिल्या वर्गाची गादी काढून समता आणण्याचा, टाळ्या मिळविण्यास सोपा असलेला मार्ग त्यांनीं धरला नाहीं. २६ डिसेंबर १९७७ रोजीं मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तींत वर्गांचा भेद नव्हता, सर्वांस एकच वर्ग. १९७४ च्या मे महिन्यांतील रेल्वे संपांत ज्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांसहि त्यांनीं परत कामावर घेतलें. मंत्री येतात आणि जातात, स्टेशनांचीं नांवें बदलतात. पण गरिबाच्या पाठीखालीं एकदां पडलेली गादी पुढच्या कोणत्याहि सरकारास काढून घेतां आली नाहीं.

डिसेंबर १९८९ मध्यें विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारांत ते अर्थमंत्री झाले. तें सरकार वर्षभरहि टिकलें नाहीं. तेवढ्या अवधींत त्यांनीं केलेल्या दोन गोष्टी आमच्या वाचकांच्या घराशीं निगडित आहेत.

पहिली कर्जाची. सरकारी बँका व ग्रामीण बँका यांचें थकलेलें कर्ज दहा हजार रुपयांपर्यंत माफ करण्याची योजना त्यांच्या १९९० च्या अंदाजपत्रकांत आली, आणि ती शेतकऱ्यापुरती न ठेवतां कारागीर व विणकर यांसहि लागू केली. कारागिराचें कर्ज हें कर्ज असतें हें सरकारदरबारीं सहसा कोणास आठवत नाहीं, म्हणून याचें मोल अधिक. तथापि हिशेब म्हटला कीं दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. ज्यानें पोटास चिमटा घेऊन हप्ते वेळेवर भरले त्यास कांहीं मिळालें नाहीं, आणि ज्याचें कर्ज सावकाराकडे किंवा मासळीच्या दलालाकडे होतें त्याच्या घरीं ही माफी पोंचलीच नाहीं. आमच्या किनाऱ्यावर हा दुसरा वर्ग लहान नव्हता.

दुसरी गोष्ट सोनारांची. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्यें, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनीं सुवर्णनियंत्रण आणलें आणि चौदा कॅरटपेक्षां चोख सोन्याचा नवा दागिना घडविण्यास बंदी केली. चोख सोन्यावर ज्यांचा हात बसलेला, त्या कारागिरांची भट्टी थंड पडली. देशभर कित्येकांनीं जीव दिले. कॅरटची अट पुढें १९६६ सालीं उठली, पण १९६८ च्या कायद्यानें परवाने, दाखले, नोंदवह्या आणि तपासनीस हे सोनाराच्या दारांत कायम बसविले. सोन्याची चोरटी आयात थांबावी हा हेतु होता. आयात थांबली नाहीं. मंगळसूत्राचे मणी ओवणारा लहान सोनार मात्र चोर ठरण्याच्या भीतीनें जगूं लागला. हा कायदा १९९० सालीं रद्द झाला, तो दंडवते अर्थमंत्री असतां. याच मोरारजींच्या मंत्रिमंडळांत ते पूर्वीं बसले होते. जुन्या पुढाऱ्याचा मान राखण्यासाठीं त्याचा कायदा राखला पाहिजे असें त्यांनीं मानलें नाहीं.

आतां कोंकण रेल्वे. ही मागणी दंडवत्यांच्या आधींची, नाथ पैहि ती मांडीत आले होते. दंडवते एकीकडे तिजोरीवर आणि जॉर्ज फर्नांडिस दुसरीकडे रेल्वेखात्यावर, असा योग १९९० सालीं जुळला आणि जुलैंत कोंकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालें. केंद्राचा वांटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा सहा-सहा. बाकीचा पैसा रोख्यांनीं उभा करावयाचा. ई. श्रीधरन यांच्या हाताखालीं डोंगर फोडून बोगदे काढले, खाड्यांवर पूल टाकले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धावूं लागल्या. या मार्गाखालीं हजारों कुटुंबांचीं शेतें व कलमें गेलीं, आणि काम करतांना कित्येक मजुरांचे जीव गेले. मार्गाचें श्रेय वांटून घेण्यास पुष्कळ हात पुढें येतात. हें देणें मोजतांना तेच हात दिसत नाहींत.

मार्गाचें काम नुकतेंच सुरू झालें असतां १९९१ ची निवडणूक आली, आणि याच मतदारसंघानें दंडवत्यांस पाडलें. पुढें लोकसभेंत ते पुन्हां गेले नाहींत. मतदारास आम्ही कृतघ्न म्हणणार नाहीं. आपला प्रतिनिधि बदलण्याचा हक्क त्याचाच. पांचदां निवडून दिल्यावर मालवणच्या रापणकरास काय मिळालें, असें कोणी विचारल्यास उत्तर लहानच द्यावें लागेल. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय, हें खरें. पण जाळें रिकामें आलें म्हणजे तो विषय कोणाचा हें रापणकर विचारीत नाहीं. रेल्वेहि किनाऱ्यापासून दूर, आंतून गेली. मालवणास जावयाचें तर आजहि कुडाळ किंवा सिंधुदुर्ग स्टेशनावर उतरून पुढची वाट रस्त्यानेंच धरावी लागते.

१२ नोव्हेंबर २००५ रोजीं मुंबईस दंडवते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें देह जे. जे. इस्पितळास देण्यांत आला. राजापूर हा मतदारसंघहि २००९ पासून उरला नाहीं, त्याच्या जागीं रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. मार्ग अजून बहुतांशीं एकेरी आहे, आणि गणपतीच्या दिवसांत चाकरमानी डब्याच्या दारांत लोंबकळतच घरीं येतो. पुढच्या खेपेस उमेदवाराची मोटार वाडींत शिरेल तेव्हां मार्ग दुहेरी कधीं होणार, आणि मालवणची मासळी बर्फांत घालून त्याच गाडीनें मुंबईस वेळेवर जावी याची तजवीज कोण करणार, एवढे दोन प्रश्न आमच्या वाचकांनीं त्यास विचारावे. आणि तो काय उत्तर देतो तें आम्हांस लिहून कळवावें, आम्ही तें त्याच्या नांवानिशीं छापूं.