वेळापत्रकात नसलेला तास

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. शाखा कोणती घ्यायची, कॉलेज कोणते मिळेल, पुढे कोणती प्रवेशपरीक्षा द्यायची? ही चर्चा व्हायलाच हवी. पण गेली वीस वर्षे पदवीच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवताना माझे एक मत पक्के झाले आहे. माणसाच्या आयुष्याला वळण लावणाऱ्या कितीतरी गोष्टी कॉलेजच्या वेळापत्रकात छापलेल्या नसतात. त्या अचानक समोर येतात. एखादे व्याख्यान, एखाद्या पाहुण्याची भेट, ग्रंथालयात सहज हाती लागलेले पुस्तक. अशा वेळी ‘हे परीक्षेला आहे का?’ एवढेच विचारणारा विद्यार्थी आलेल्या संधीला दारातूनच परत पाठवतो.

‘हा सगळा नशिबाचा खेळ,’ असे कोणी म्हणेल. विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा एक खरे उदाहरण घेऊन हे म्हणणे तपासून पाहू.

१९२८ साली आर्नोल्ड सोमरफेल्ड हे विख्यात जर्मन पदार्थवैज्ञानिक भारतात आले होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातही त्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत पदवीचा एक विद्यार्थी होता. वय जेमतेम अठरा. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. अणूच्या रचनेवरचा सोमरफेल्ड यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्याने स्वतःहून वाचून काढला होता. व्याख्यानानंतर टाळ्या वाजवून घरी जाणे त्याला सहज शक्य होते. पण तो सोमरफेल्ड उतरले होते त्या हॉटेलवर त्यांना भेटायला गेला.

त्या भेटीत त्याला काय ऐकावे लागले? आपण ज्या ग्रंथावरून शिकलो, ते पदार्थविज्ञान आता जुने झाले! श्रोडिंगर, हायझेनबर्ग, डिरॅक, पाउली यांनी अवघ्या दोन-तीन वर्षांत विषयाचा पायाच बदलला होता. हे ऐकून एखादा मुलगा हिरमुसला असता. पण सोमरफेल्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. धातूंमधील इलेक्ट्रॉनांविषयीचा त्यांचा एक निबंध अजून प्रसिद्ध व्हायचा होता. त्याची छापखान्यातली प्रुफे त्यांनी या अनोळखी विद्यार्थ्याच्या हाती ठेवली.

त्या निबंधात फर्मी आणि डिरॅक यांनी १९२६ साली मांडलेली नवी सांख्यिकी वापरली होती. तिचा गाभा असा. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम. नाट्यगृहातल्या पुढच्या रांगा भरल्या की नंतर येणाऱ्यांना मागच्या, उंचावरच्या रांगांत बसावे लागते. तसेच, इलेक्ट्रॉनांची दाटी झाली की कमी ऊर्जेच्या जागा भरून जातात आणि उरलेल्यांना अधिकाधिक ऊर्जेच्या, म्हणजेच अधिक वेगाच्या, अवस्थांत जावे लागते. त्यामुळे पदार्थ थंड असला तरी त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा दाब प्रचंड असू शकतो.

चंद्रशेखर यांनी तो निबंध नुसता जपून ठेवला नाही. त्याचा त्यांनी अभ्यास केला, ग्रंथालयात त्या विषयावरचे आणखी लेखन शोधले आणि स्वतःचा एक शोधनिबंध लिहिला. केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी हीच सांख्यिकी ताऱ्यांना लावली आहे, असे त्यांच्या वाचनात आले होते. म्हणून निबंध फाउलर यांच्याकडे पाठवला. तो १९२९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे केंब्रिजमध्ये हेच फाउलर त्यांचे मार्गदर्शक झाले.

१९३० च्या जुलैअखेर चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. बोटीवर त्यांचे विचारचक्र चालूच होते. सूर्याइतके वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात कोंबलेले असते, अशा ताऱ्याला ‘श्वेत बटू’ म्हणतात. त्यातला साखरेच्या खड्याएवढा तुकडा सुमारे एक टन भरेल! हा तारा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळत नाही, कारण इलेक्ट्रॉनांचा तो दाब त्याला तोलून धरतो, हे फाउलर यांनी दाखवले होते. चंद्रशेखर यांच्या लक्षात आले, की एवढ्या दाटीत इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचणार. मग आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांतही लावायला हवा. तो लावला आणि विलक्षण उत्तर आले. ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेले, तर हा दाब त्याला सावरू शकत नाही! आजच्या हिशेबाने ही मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट आहे. तिलाच ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणतात. हा निष्कर्ष सहजासहजी मान्य झाला नाही. एडिंग्टनसारख्या थोर खगोलशास्त्रज्ञाने १९३५ साली भर सभेत त्याची खिल्ली उडवली. पण काळाने तो खरा ठरवला आणि १९८३ साली चंद्रशेखर नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

आता हिशेब मांडू. या कथेत नशिबाचा वाटा किती? सोमरफेल्ड मद्रासला आले, एवढाच. ते व्याख्यान ऐकणारे इतरही विद्यार्थी होतेच. चंद्रशेखर यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. पाहुणा येण्याआधीची तयारी होती. जाऊन विचारण्याचे धाडस होते. आणि हाती आले त्यावर नंतर महिनोन्‌महिने मेहनत घेण्याची चिकाटी होती. यातली एक जरी नसती, तरी ती प्रुफे रद्दीतच गेली असती.

दुसरे उदाहरण जोसेलिन बेल यांचे. १९६७ साली त्या केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थिनी होत्या. सुमारे साडेचार एकरांवर पसरलेली रेडिओ दुर्बीण उभारण्यासाठी त्यांनी इतरांबरोबर स्वतः खांब रोवले आणि तारा ओढल्या. दुर्बिणीतून रोज जवळजवळ शंभर फूट लांबीचा आलेख निघे. त्यातून क्वेसार शोधणे हे त्यांचे ठरलेले काम. पण आलेखात अधूनमधून जेमतेम पाव इंचाची एक विचित्र खरवड दिसे. ती क्वेसारची नव्हती आणि पृथ्वीवरच्या यंत्रांचा गोंगाटही वाटेना. ‘हे आपल्या विषयात नाही,’ असे म्हणून त्या पुढे गेल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र पाठपुरावा केला. तेव्हा दर १.३३ सेकंदांनी येणारे अत्यंत नियमित स्पंद सापडले. हा पहिला पल्सार. पल्सार म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. ताऱ्याचा गाभा चंद्रशेखर मर्यादा ओलांडून कोसळला की असे तारे जन्मू शकतात. एका विद्यार्थ्याच्या गणिताची आणि एका विद्यार्थिनीच्या नजरेची गाठ आकाशात अशी पडते!

यावर पालक एक शंका हमखास काढतात. ‘असे दहा ठिकाणी लक्ष घातले, तर मार्कांचे काय?’ शंका रास्त आहे. दिसेल त्या शिबिरात नाव घालणे आणि प्रमाणपत्रांची चळत जमवणे म्हणजे संधी घेणे नव्हे. माझी कसोटी साधी आहे. कार्यक्रम संपल्यावरही ज्याविषयी तुमच्या मनात प्रश्न उरतो, त्याच्या मागे जा. बाकीचे सोडून द्या. चंद्रशेखर यांनी क्रमिक अभ्यास टाकून दिला नव्हता. पाया पक्का होता म्हणूनच त्यांना नवी गोष्ट पेलता आली.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे पुतणे. घरात विद्येचे वातावरण होते. मोठ्या माणसाला भेटायला जाण्याची भीड अशा घरात लवकर मोडते. माझ्या वर्गातल्या अनेक मुलामुलींना ही सोय नाही. संध्याकाळच्या व्याख्यानाला थांबले तर गावाकडची शेवटची एस.टी. चुकते. मुलींना उशीर झाला तर घरी उत्तरे द्यावी लागतात. इंग्रजीत प्रश्न कसा विचारायचा, या संकोचाने कित्येक चांगले प्रश्न ओठांवरच विरून जातात. आणि मग आपण शिक्षक म्हणतो, ‘हल्लीच्या मुलांना उत्साहच नाही!’

शिक्षक बंधुभगिनींनो, सोमरफेल्ड यांची बाजूही आपण पाहायला हवी. त्यांनी त्या मुलाला जागेवरून उठवले नाही. वेळ दिला, तो मागे कुठे आहे ते स्पष्ट सांगितले आणि पुढे जाण्याचे साधन हाती दिले. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. व्याख्यान दुपारी ठेवा. सूचना फळ्यावर लावून न थांबता वर्गात वाचून दाखवा. पाहुण्यांना शेवटची पंधरा मिनिटे फक्त मुलांसाठी राखायला सांगा आणि प्रश्न मराठीत चालतील हे आधीच जाहीर करा. जोसेलिन बेल यांना २०१८ साली तीस लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. विज्ञानात ज्यांना सहसा शिरकाव मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी त्यांनी ती सगळी रक्कम देऊन टाकली. संधी मिळालेल्या माणसाने काय करावे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी कॉलेजात जाईपर्यंत थांबायचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे आणि आसपासच्या परिसरात पसरलेल्या आहेत. पल्सारांचा अभ्यास आजही तिथे चालतो. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. जमले तर जा. नाही जमले तर तुमच्या शाळेत, गावात जो कोणी जाणकार येईल त्याला गाठा. मात्र जाण्यापूर्वी त्या विषयावर चार पाने वाचा, वहीत दोन प्रश्न लिहून न्या आणि उत्तर ऐकून घरी आल्यावर पुढचा प्रश्न स्वतः शोधा. पहिला प्रश्न विचारताना आवाज कापेल. कापू द्या, पण प्रश्न विचाराच.