मुंबई भायखळ्याला संपत नाही



‘मुंबईत पाहण्याजोगं सारं फोर्टात, फार तर राणीच्या बागेपर्यंत,’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा दावा माटुंगेकरांच्या पचनी पडणारा नाही.

माटुंग्याला खेटून असलेल्या हिंदू कॉलनीत डॉ. आंबेडकरांचं ‘राजगृह’ आहे. ग्रंथांना पुरेशी जागा हवी म्हणून त्यांनी ते 1930च्या दशकात बांधून घेतलं. तळमजल्यावरच्या संग्रहालयात त्यांची टेबल-खुर्ची पाहता येते. दर्शनी फलक वाचून पुढे जाणारेच जास्त!

आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. 31 मार्च 1964ला बंद झालेल्या ट्रामच्या आठवणी तिथे भेटतात.

शीवचा किल्ला तर 1669 ते 1677 दरम्यानचा. तिथल्या भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दलची पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त.

— एक वाचक, माटुंगा