मंजुरीची फाइल कायद्यापेक्षा मोठी नको

लाच घेताना सापळ्यात रंगेहाथ सापडलेल्या लोकसेवकाची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. त्यानंतर त्याच्यावर खटला उभा राहण्यासाठी मात्र आणखी एक दार उघडावे लागते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार सरकारने किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय न्यायालयाला गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. चोरीचा आरोप असलेल्या मजुरावर खटला भरताना अशी परवानगी कुणी मागत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ ने दिलेली समानता इथेच लंगडी पडते.

कठोर निर्णय घेणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याला सूडाच्या तक्रारींपासून संरक्षण हवे, हे मान्य. परंतु निर्णय घेणे वेगळे आणि लाच घेणे वेगळे. २०१८ मध्ये आलेल्या कलम १७अ मध्ये चौकशीपूर्वीची परवानगी सापळ्यात जागेवर पकडलेल्यांसाठी लागत नाही. म्हणजे हा फरक कायद्यालाही कळतो. मग खटल्याच्या टप्प्यावर तो का विसरला जातो?

वरिष्ठांसाठी उभारलेली कवचे न्यायालयाने यापूर्वीही भेदली आहेत. बड्या अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी सीबीआयने सरकारची परवानगी घ्यावी, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केला. २००३ मध्ये तीच तरतूद कायद्यात आली आणि २०१४ मध्ये घटनापीठाने समानतेच्या मुद्द्यावरच ती रद्दबातल ठरवली.

मंजुरीचा अधिकार सत्तेच्या हाती राहिला की काय होते, हे महाराष्ट्राने ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या गैरव्यवहार प्रकरणात पाहिले आहे. माजी मुख्यमंत्र्यांवर खटला चालवण्यास राज्यपालांनी २०१३ मध्ये नकार दिला. राज्यातील सरकार बदलल्यानंतर, २०१६ मध्ये नव्या राज्यपालांनी मंजुरी दिली आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एवढा काळ वाद मंजुरीभोवतीच फिरला. अशा वेळी तक्रारदाराला न्याय मिळत नाही आणि आरोप झालेल्यालाही साक्षीपुराव्याच्या कसोटीवर निर्दोष ठरण्याची संधी मिळत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात मंजुरीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती उलटल्यावर मंजुरी मिळाली असे मानण्याची तरतूद नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये मात्र १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाल्याचे गृहीत धरले जाते. सरकारी कामाच्या ओघात घडलेल्या गुन्ह्याला ही शिस्त लागू होत असेल, तर लाचखोरीला सवलत कशासाठी?

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. सापळ्याच्या प्रकरणांत मंजुरीची अट काढून टाकावी. इतर प्रकरणांत मुदत संपताच मंजुरी गृहीत धरावी. आणि मंजुरी नाकारली, तर त्याची कारणे जनतेसाठी जाहीर करावीत. आपल्या आमदार-खासदारांनी ही मागणी सभागृहात मांडावी, आणि ते मांडत नसतील तर मतदारांनी त्यांना त्याचा जाब विचारावा.

– एक वाचक, सातारा